फुकटचा पैसा, आळस आणि बाकीचा हिशेब: सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावर चर्चा

बोरू (धागाकर्ता)

परवा थोरल्या भावाशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं. विषय असा, की सरकारने प्रत्येकाला, म्हणजे अगदी प्रत्येकाला, दरमहा ठरावीक रक्कम द्यावी का? अर्ज नाही, अट नाही, गरीब-श्रीमंत असा भेद नाही, काम करता की घरी बसता हे विचारायचं नाही. सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न, ज्याला सगळे यूबीआय म्हणतात. दादाचं म्हणणं एका वाक्यात संपलं: "फुकट मिळालं की माणूस हातपाय हलवणं सोडतो." मी म्हटलं, पुरावा? तो म्हणाला, पुरावा कशाला हवा, आजूबाजूची माणसं बघ ना. तिथून आवाज चढत गेले आणि शेवटी वहिनीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

त्या रागात चार रात्री वाचत बसलो. हाती लागलं ते मांडतो.

कल्पना नवी नाही. थॉमस पेन या राजकीय लेखकाने १७९७ मध्येच मांडलं होतं की जमीन मुळात सगळ्यांची. ती काहींच्या मालकीची झाली, त्यात बाकीच्यांचं जे गेलं त्याची भरपाई म्हणून वारसा हक्काच्या संपत्तीवर कर लावून निधी उभा करा. त्यातून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला एकदाच १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दर वर्षी १० पौंड द्या. ही भीक नव्हे, हक्क आहे, असं त्याने बजावून सांगितलं होतं. पुढे १९६२ मध्ये मिल्टन फ्रीडमनने, म्हणजे खुल्या बाजाराच्या कट्टर समर्थकाने, 'ऋण आयकर' सुचवला: एका रेषेच्या वर कमावत असाल तर कर भरा, खाली असाल तर सरकारकडून घ्या. १९६७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगनेही हमी उत्पन्नाची मागणी केली. इतक्या वेगळ्या मुशीतली माणसं एकाच गोष्टीला हो म्हणायला लागली की मला संशय येतो. यांच्या डोक्यातली वस्तू एकच असेल का?

राजकारणात मात्र ती फार पुढे गेली नाही. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सनने १९६९ मध्ये गरीब कुटुंबांसाठी किमान उत्पन्नाची योजना जाहीर केली. १९७० मध्ये प्रतिनिधीगृहाने ती मंजूर केली आणि सिनेटमध्ये अडकली ती अडकलीच. स्वित्झर्लंडने ५ जून २०१६ रोजी थेट जनमत घेतलं, तर ७६.९ टक्के लोक नको म्हणाले.

आता दादाचा आळस. अमेरिकेच्या अलास्का राज्यात तेलाच्या उत्पन्नातून कायमस्वरूपी निधी केलाय आणि १९८२ पासून दर वर्षी प्रत्येक रहिवाशाला, लहान मुलांनासुद्धा, त्यातला लाभांश मिळतो. पहिल्या वर्षी तो १००० डॉलर होता. त्याच्या अभ्यासात एकूण रोजगार घटलेला दिसला नाही. अर्धवेळ काम करणारे मात्र १.८ टक्के-बिंदूंनी वाढले. फिनलंडने २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं २००० बेरोजगारांना महिना ५६० युरो दिले, नोकरी लागली तरी ते चालूच राहणार होते. त्यांचे कामाचे दिवस इतर बेरोजगारांपेक्षा वर्षाला साधारण सहाने वाढले. सहा दिवस म्हणजे फार काही नाही, पण ते वाढले, घटले नाहीत. शिवाय ती माणसं कमी तणावात होती.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कॅनडातल्या डॉफिन गावाची. मॅनिटोबा प्रांतातलं हे साधारण दहा हजार वस्तीचं गाव. तिथे १९७४ ते १९७९ मध्ये गावातल्या कुणाचंही उत्पन्न एका पातळीखाली गेलं तर सरकार भर घालत असे. मग सरकारं बदलली, पैसे संपले आणि अंतिम अहवाल कुणी लिहिलाच नाही. कागदांचे सुमारे १८०० खोके गोदामात धूळ खात पडले. कित्येक वर्षांनी एव्हलिन फोर्जे नावाच्या अर्थतज्ज्ञ बाईंनी ते हुडकून काढले. खोक्यांत फारशी सूची नव्हती, की संगणकात भरलेली माहिती नव्हती. मग त्यांनी आरोग्य विम्याच्या नोंदी धरून उलट्या बाजूने शोध घेतला. त्या वर्षांत गावातलं रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण तुलनेच्या लोकांपेक्षा ८.५ टक्क्यांनी कमी झालं होतं, विशेषतः अपघात, इजा आणि मानसिक त्रास या कारणांमुळे होणारं. बारावीपर्यंत शाळेत टिकणारी मुलं वाढली होती. हे त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलं, म्हणजे प्रयोग संपून तीसेक वर्षं झाल्यावर.

तुमची मतं सांगा. फक्त "माणसं अशीच असतात" हे उत्तर नको, ते दादाकडून ऐकून झालंय.

तिरकस

दादांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं बरोबर आहे. :)

तुम्ही सोयीचे तेवढे प्रयोग वेचलेत. अमेरिकेत २०२० ते २०२३ अशी तीन वर्षं एका मोठ्या अभ्यासात १००० लोकांना महिना १००० डॉलर दिले आणि तुलनेसाठी २००० लोकांना ५० डॉलर. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. पैसे मिळालेल्यांचं काम आठवड्याला सरासरी १.३ तासांनी घटलं आणि नोकरीत असणाऱ्यांचं प्रमाण २ टक्के-बिंदूंनी कमी झालं. वाचलेला वेळ शिक्षणात, मुलांत गेला म्हणावं तर तसंही ठळक काही नाही, बराचसा फुरसतीत गेला. हा अभ्यास तुमच्या चार रात्रींत कसा काय निसटला?

बोरू

निसटला नाही, मीच बाजूला ठेवला होता. पकडलंत.

पण आठवड्याला १.३ तास म्हणजे कामाच्या दिवसाला पंधरा-सोळा मिनिटं. 'हातपाय हलवणं सोडतो' आणि 'पंधरा मिनिटं आधी निघतो' यात काही फरक आहे की नाही?

तिरकस

फरक आहे. पण त्या लोकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तीन वर्षांनी नळ बंद होणार. नळ बंद होणार असेल तर शहाणा माणूस नोकरी सोडत नाही. जन्मभराची हमी दिलीत तर तो काय करेल, हे तीन वर्षांच्या प्रयोगातून कळणार कसं? हा प्रश्न तुमच्या फिनलंडलाही लागू आहे.

मृद्गंधा

तिरकस, मुद्दा बिनतोड आहे, आणि म्हणूनच केनियाचा प्रयोग वाचा. गिव्हडायरेक्ट या संस्थेने तिथे गावांचे गट केले. एका गटाला दरमहा रक्कम, बारा वर्षं. दुसऱ्याला तीच मासिक रक्कम, पण दोनच वर्षं. तिसऱ्याला साधारण त्या दोन वर्षांच्या बेरजेएवढी रक्कम एकदम. हिशेब दिवसाला पाऊण डॉलरच्या आसपास. अभिजित बॅनर्जी, तवनीत सुरी वगैरे अर्थतज्ज्ञांनी त्याचे निकाल मांडलेत.

बारा वर्षांची हमी असलेले लोक आळशी झाले नाहीत. मजुरी कमी करून ते स्वतःच्या धंद्याकडे वळले. दोन वर्षंवाल्यांपेक्षा त्यांनी जास्त धंदे उभे केले. याउलट, तुटपुंज्या काळासाठी मिळालेला पैसा लोकांनी जपून वापरला, धोका पत्करला नाही. म्हणजे तुमच्या तर्काच्या बरोबर उलट: नळ बंद होणार नाही म्हटल्यावर लोक जास्त धडपडले.

यातली एक गंमत मला फार भावली. महिन्याच्या छोट्या रकमेतून दुकान किंवा जनावर घेता येत नाही. मग बारा वर्षांच्या गटातल्या लोकांनी काय केलं? भिशी लावली! दर महिन्याला सगळ्यांनी थोडे थोडे घालायचे, एकाने उचलायचे. पुढच्या वर्षीही हप्ता येणार ही खात्री असल्याशिवाय भिशी चालत नाही. अर्थशास्त्रज्ञ एकरकमी बरी की मासिक बरी यावर शोधनिबंध लिहीत बसले आणि तिकडे बायाबापड्यांनी मासिकचं एकरकमी करून घेतलं.

मध्य प्रदेशातल्या आठ गावांत २०११-१२ च्या सुमारास 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने असाच प्रयोग केला होता. तिथेही लोकांचा कल दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेताकडे वळण्याचा दिसला. मजुरी सोडली, एवढंच मोजलं तर ते 'काम कमी केलं' या रकान्यात जाऊन बसतं.

जुना जोगी

+१. 'काम' म्हणजे 'पगाराचं काम' हे आपण न बोलता धरून चाललोय.

खिडकी क्रमांक तीन

इथे सहसा वाचूनच जाते. आज राहवलं नाही.

मी बरीच वर्षं एका सरकारी मदत योजनेच्या अर्जांची छाननी केली. योजना कुठली ते सोडून द्या, सगळ्या सारख्याच असतात. मदत फक्त गरजूंना, हे तत्त्व ऐकायला किती छान वाटतं! पण गरजू कोण ते कागद ठरवतो आणि गरजूंकडे नेमका कागदच नसतो.

एक आजी आठवतात. एका दाखल्यावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर लिहिणाऱ्याने कानाने ऐकलं तसं. तिन्ही आजी एकच, हे मला समोर दिसत होतं. संगणकाला दिसत नव्हतं. अंगठा लावायला सांगितला तर आयुष्यभराच्या कामाने रेषा झिजलेल्या, यंत्र दर वेळी लाल दिवा दाखवायचं. मी त्यांचं बोट माझ्या रुमालाने पुसलं, थोडं ओलं केलं, पुन्हा ठेवलं. सातव्यांदा हिरवा लागला. त्यानंतर प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं, कारण नियमच तसा होता. त्या परत आल्याच नाहीत. माझ्या नोंदवहीत त्यांच्यापुढे 'अपूर्ण' असा शेरा आहे. वरच्या कार्यालयाच्या दृष्टीने तो एक वाचलेला लाभार्थी.

याच्या उलट टोकाला एक माणूस. त्याची कमाई मर्यादेच्या किंचित खाली होती. मालक पगार वाढवणार होता, तर हा माझ्याकडे विचारायला आला की वाढ घेऊ की नको. मी हिशेब करून दिला. वाढ घेतली असती तर मदत पूर्ण बंद, म्हणजे हातात आधीपेक्षा कमी. त्याने वाढ नाकारली. याला आळशी म्हणायचं का? मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. आळस त्याच्यात नव्हता, आमच्या नियमांनी त्याला तिथे आणून उभं केलं होतं.

म्हणून 'सार्वत्रिक' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांना द्यायचं म्हटलं की माझी खिडकीच बंद होते. होऊ दे.

अनुजा_

ताई, रुमालाचं वाचून थांबले थोडा वेळ.

हिशेबनीस

ताईंचं लिखाण मनाला लागलं. पण 'सगळ्यांना द्यायचे' म्हटलं की पहिला प्रश्न येतो: आणायचे कुठून? इथे दोन्ही बाजू हिशेबात गोंधळ घालतात. छोटं गणित करू.

एका बेटावर पाच माणसं. कमाई अनुक्रमे ०, १००, २००, ३०० आणि ४०० नाणी. एकूण १०००. प्रत्येकाला ५० नाणी यूबीआय द्यायचा. खर्च २५०. सगळ्यांवर सरसकट २५ टक्के कर लावला तर बरोबर २५० जमतात.

आता प्रत्येकाने दिलं किती, घेतलं किती? पहिल्याला निव्वळ ५० मिळतात. दुसऱ्याने २५ कर भरला, ५० घेतले, हाती २५. तिसऱ्याचे ५० गेले, ५० आले, फिटंफाट. चौथ्याच्या खिशातून २५ गेले, पाचव्याच्या ५०.

म्हणजे विरोधक २५० चा आकडा सांगून घाबरवतात, पण प्रत्यक्षात एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली फक्त ७५ नाणी. बाकीची १७५ त्याच खिशातून निघून त्याच खिशात आली. 'अब्जाधीशाला कशाला द्यायचे' हा आक्षेपही इथेच गळतो. पाचव्याला ५० दिले खरे, पण १०० काढून घेतले.

हेच फ्रीडमनच्या पद्धतीने करा: पहिल्याला ५०, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला शून्य, वरच्या दोघांकडून २५ आणि ५०. आकडे तेच. म्हणजे गणितात दोन्ही एक. फरक वेळेचा. यूबीआयमध्ये पैसे आधी मिळतात आणि हिशेब नंतर होतो. ऋण आयकरात आधी उत्पन्न सिद्ध करा, मग मिळणार. खिडकीवरच्या ताई सांगतील हा फरक किती मोठा आहे ते.

आता समर्थकांच्या गैरसमजाकडे. ५० नाण्यांत बेटावर कुणी जगू शकत नाही, जगायला १०० लागतात असं धरा. खर्च ५००, कर ५० टक्के. १५० लागत असतील तर खर्च ७५० आणि कर ७५ टक्के. आणि एवढ्यात रस्ते, शाळा, दवाखाने यांच्यासाठी एक नाणंही काढलेलं नाही.

यूबीआयचं सगळं भांडण या एका आकड्यावर आहे. रक्कम लहान ठेवली तर परवडते, पण त्यावर कुणी जगत नाही. जगण्याइतकी केली तर कर डोळे पांढरे करतो.

तिरकस

हिशेबनीस, तुमच्या बेटावर आणखी एक खोट आहे. कर ७५ टक्के झाल्यावरही पाचवा माणूस आधीइतकीच ४०० नाणी कमावेल असं तुम्ही गृहीत धरलंय.

हिशेबनीस

बरोबर, धरलंय. तो कमी कमावणार, मग कर आणखी वाढवावा लागणार, मग तो आणखी कमी कमावणार.

मूळ लेखात मला खटकलं ते हेच. डॉफिन, फिनलंड, केनिया, अमेरिका, सगळीकडे प्रयोगात देणारा हात दिसतो, काढून घेणारा दिसत नाही. पैसा बाहेरून आला: देणगीतून, केंद्राच्या तिजोरीतून, तेलातून. ज्यांना पैसे मिळाले त्यांच्याच शेजाऱ्यांचा कर त्यासाठी दुप्पट केला, असा प्रयोग मी तरी वाचलेला नाही. माणूस ५० नाणी मिळाल्यावर काय करतो ते आपण पन्नास वर्षं तपासतोय. त्याच वेळी कर वाढलेला दुसरा माणूस काय करतो हे त्या अभ्यासांत येतच नाही. 'घेणारा आळशी होईल का' यावर दादा भांडले, तुम्हीही भांडलात. भरणाऱ्याबद्दल दोघंही बोलला नाहीत.

बोरू

हे वाचून जरा वेळ गप्प बसलो होतो. खरं आहे. मी दादाशी ज्या मैदानावर भांडत होतो ते मैदानच छोटं होतं.

जुना जोगी

दुसरी शंका महागाईची. सगळ्यांच्या हाती पैसा आला की घरमालक भाडं वाढवणार, व्यापारी भाव वाढवणार. शेवटी सगळा यूबीआय त्यांच्याच गल्ल्यात.

मृद्गंधा

सरसकट नाही. केनियातच आधीच्या एका मोठ्या प्रयोगात दहा हजारांवर कुटुंबांना प्रत्येकी साधारण १००० डॉलर एकदाच दिले होते. त्या भागातल्या अर्थव्यवस्थेच्या मानाने ही भलीमोठी रक्कम होती. तरी भाववाढ ०.१ टक्क्याच्या आसपास. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्या शेजाऱ्यांची कमाईसुद्धा वाढली, कारण पैसा गावातच फिरला.

हिशेबनीस

पण तिथे दुकानं अर्धी रिकामी बसून होती, गिऱ्हाईक वाढलं की तोच दुकानदार जास्त माल विकू शकत होता. घरांचं तसं नाही. जिथे जमीन संपलीय तिथे मागणी वाढली की फक्त भाडं वाढतं. आणि पैसा करातून आला की नोटा छापून, हाही फरक आहे. करातून आला तर एकाची खरेदी कमी होऊन दुसऱ्याची वाढते. छापून आला तर जोगीबुवा म्हणतात तेच होणार.

इराणचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं. २०१० च्या अखेरीस त्यांनी इंधन वगैरेंवरची सवलत काढली आणि त्याऐवजी जवळजवळ प्रत्येक नागरिकाच्या नावे महिना ४,५५,००० रियाल द्यायला सुरुवात केली. तेव्हा ते ४५ डॉलरच्या आसपास होते, गरीब घराला चांगलाच आधार. लोकांनी कामं सोडली असंही अभ्यासात दिसलं नाही. पण महागाई भडकत गेली आणि रक्कम वर्षानुवर्षं तेवढीच राहिली. रक्कम कुणी रद्द केली नाही. तिच्यात काही येईनासं झालं, एवढंच.

अनुजा_

मी वेगळ्या बाजूने विचारते.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून स्वतः उठून बसू शकत नाही. रात्री दोनदा त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते मी करते. दर दोन-तीन वर्षांनी चाकाची खुर्ची बदलावी लागते, कारण शरीर वाकत जातं तशी खुर्चीची बैठक वाकवून घ्यावी लागते. तो खर्च तुमच्या बेटावरच्या पाचांपैकी कुणालाच नाही.

यूबीआयचे काही समर्थक, विशेषतः उजव्या बाजूचे, म्हणतात की बाकी सगळ्या योजना बंद करा, सगळ्यांना एकच रक्कम द्या आणि सरकारने हात झटकावेत. सारखी रक्कम म्हणजे न्याय का? धडधाकट तरुणाला जेवढे, तेवढेच माझ्या भावाला? मग तो आहे त्याच्यापेक्षा खाली जाणार. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने २०१७ मध्ये अशा देशांसाठी हाच हिशेब केला होता: आहेत त्या योजना मोडून तेवढाच पैसा सगळ्यांत सारखा वाटला तर हाती पडणारी रक्कम दारिद्र्यरेषेच्या बरीच खाली राहते आणि आज ज्यांना मदत मिळतेय त्यातल्या अनेकांचं नुकसान होतं.

दुसरीकडे, मी रात्री दोनदा उठते त्याला कुणी काम म्हणत नाही. यूबीआय आला तर मला पहिल्यांदाच कुणीतरी न विचारता पैसे देईल. म्हणून माझं मत अर्धं-अर्धं आहे. मला हवाय, पण माझ्या भावाचं काढून नकोय.

खिडकी क्रमांक तीन

अनुजा, तुझा मुद्दा मान्य. अपंगत्वाची मदत ठेवायची म्हणजे तेवढी एक खिडकी ठेवावीच लागेल. मग तिथल्या बाईकडे रुमाल असू दे.

तिरकस

अनुजाताई, आत्ता कळलं की बोरूंना सुरुवातीला आलेला संशय बरोबर होता. फ्रीडमनला यूबीआयसारखं काही हवं होतं ते सरकार आकसावं म्हणून. किंगना हवं होतं ते दारिद्र्य संपावं म्हणून. नाव जवळपास एक, पण एकात भावाची खुर्ची जाते आणि दुसऱ्यात राहते. त्यामुळे इथून पुढे कुणी "मी यूबीआयच्या बाजूचा" म्हणाला की मी दोनच गोष्टी विचारणार: रक्कम किती, आणि बंद काय करणार?

(अवांतर: मी अजूनही विरोधातच आहे. फक्त आळसाच्या कारणासाठी नाही.)

जुना जोगी

मग रोजगार हमी का नको? मागेल त्याला काम, कामाचा मोबदला. कुणी फुकट खातोय ही बोंबही नाही.

अनुजा_

काका, मी रात्री दोनला उठून कुठल्या कामावर जाऊ?

जुना जोगी

चुकलो. मागे घेतो.

सळसळ

आणि यंत्रं सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार त्याचं काय? त्यावर कुणी बोललंच नाही.

हिशेबनीस

खाल्ल्या तर बेटावरच्या पाचांपैकी चौघांची कमाई शून्य आणि यंत्राच्या मालकाची १०००. तेव्हा कर कुणावर लावायचा हे सोपं होतं, वसूल करणं कठीण. पण सध्या तरी तिघंचौघं कमावतायत, म्हणून मी आजचं गणित केलं.

मृद्गंधा

हिशेबनीस, जाता जाता एक. तुमच्या बेटावर सगळे मोठेच आहेत. मुलं धरली तर? अलास्कात मुलालाही पूर्ण मिळतं. मध्य प्रदेशात मुलाला मोठ्यांच्या निम्मं होतं आणि ते आईच्या हाती जायचं. निम्मं धरून करा.

हिशेबनीस

करतो. सहावं माणूस, लहान मूल, कमाई शून्य, वाटा २५. खर्च २७५, म्हणजे कर २७.५ टक्के.

बदल तिसऱ्याच्या घरात दिसतो. २०० कमावणारा हा माणूस आधी फिटंफाट होता. आता तो ५५ भरतो आणि ५० घेतो, म्हणजे ५ नाण्यांनी तोट्यात. मूल त्याच्याच घरातलं असेल तर मात्र २० नी फायद्यात.

बोरू

दादाला तीन मुलं आहेत. हा शेवटचा प्रतिसाद त्याला पाठवतोय.